तंबाखू सुटली, वजन वाढले, मग?

‘‘डॉक्टर, तंबाखू सोडल्यापासून लोक मला एकच म्हणतात, तब्येत सुधारली! पण ही सुधारलेली तब्येत शर्टात मावेना.’’ पन्नाशीकडे झुकलेले एसटीचे एक चालक काही वर्षांपूर्वी माझ्यासमोर बसून हसत हसत म्हणाले. हसण्यामागे कुरकुर होती. वीसेक वर्षांची चुना-तंबाखू त्यांनी एका दिवसात बंद केली होती. गालाच्या आतला पांढरा चट्टा आरशात दाखवून मी त्यांना घाबरवले होते, आणि ते खरोखरच घाबरले होते. पाच महिन्यांत वजन सहा किलोंनी वाढले. भूक आवरत नव्हती, सकाळी पोट साफ होत नव्हते, बसमध्ये चढताना दम लागत होता. मी ‘चाला, गोड कमी करा’ असे ठरावीक उत्तर दिले आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली.

त्यानंतर ते वर्षभर फिरकले नाहीत. आले तेव्हा वजन पूर्वीइतके झाले होते आणि शर्टाच्या खिशात पुडी होती. ‘‘पोट गेलं बघा,’’ ते म्हणाले. चट्टा मात्र परत आला होता, आधीपेक्षा मोठा.

त्यांना मी कर्करोगाविषयी अर्धा तास समजावले होते. वजनाविषयी आधी एक वाक्यही बोललो नव्हतो. त्यामुळे वजन वाढू लागले तेव्हा त्यांनी स्वतःच निष्कर्ष काढला: तंबाखू होती तेव्हा शरीर ठीक होते, सोडली आणि बिघडले. दोष त्यांच्या निश्चयाचा नव्हता, माझ्या गप्प राहण्याचा होता. तंबाखू सोडण्याचा सल्ला देणारे आम्ही बहुतेक जण याच ठिकाणी कमी पडतो, असे माझे मत आहे. म्हणून हा लेख.

निकोटिन शरीरात काय करते?

प्रथम मान्य करू: तंबाखू सोडल्यावर वजन वाढते, हा मनाचा खेळ नाही. त्यामागे साधे शरीरशास्त्र आहे.

तंबाखूत चुना मळला की मिश्रण अल्कधर्मी होते आणि निकोटिन गालाच्या अस्तरातून सहज रक्तात उतरते. विडी-सिगारेटमध्ये हाच प्रवास फुप्फुसातून होतो आणि काही सेकंदांत निकोटिन मेंदूपर्यंत पोहोचते. तिथून पुढे दोन गोष्टी घडतात. एक, अ‍ॅड्रिनलिनसारखी संप्रेरके वाढतात. नाडी जलद होते, रक्तदाब चढतो आणि शरीर विश्रांतीतही थोडी जास्त ऊर्जा जाळू लागते. दोन, भूक मंदावते.

पहिल्या परिणामाचे मोजमाप स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी १९८६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मांडले. धूम्रपान करणाऱ्यांना एका बंद खोलीत चोवीस तास ठेवून त्यांच्या शरीराने किती ऊर्जा खर्च केली हे मोजले गेले. एकदा २४ सिगारेटी ओढून, एकदा अजिबात न ओढता. सिगारेटच्या दिवशी खर्च सुमारे १० टक्क्यांनी जास्त निघाला, म्हणजे साधारण २०० कॅलरी. आपल्या हिशेबात दोन पोळ्या.

दुसऱ्या परिणामाचा धागा २०११ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांना उंदरांमध्ये सापडला. मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागात ‘पोट भरले’ असा संदेश देणाऱ्या चेतापेशी असतात. निकोटिन नेमके त्यांनाच चेतवते. जेवण न करताच जेवल्याचा निरोप मेंदूला मिळतो. उन्हात ऊस तोडणारा किंवा बांधकामावर विटा वाहणारा मजूर ‘तंबाखूनं भूक मरते’ म्हणतो तेव्हा तो हेच सांगत असतो. फक्त भूक मरते, शरीराची गरज मरत नाही.

आता हे निकोटिन बंद झाले की काय होते, हे ओघाने आलेच. रक्तातील त्याचे प्रमाण साधारण दर दोन तासांनी निम्मे होते, त्यामुळे एका दिवसात ते जवळजवळ संपते. चिडचिड, अस्वस्थता, झोपमोड आणि तलफ पहिल्या दोन-तीन दिवसांत शिगेला पोहोचतात आणि तीन-चार आठवड्यांत ओसरू लागतात. भूक मात्र इतक्या लवकर मागे हटत नाही. ती दोन-तीन महिनेही रेंगाळते. जादा जळणाऱ्या दोनशे कॅलरी वाचू लागतात. जिभेची चव आणि नाकाचा वास परततो, त्यामुळे अन्न अधिक रुचकर लागते. मेंदूला निकोटिनपासून मिळणारा आनंदाचा छोटा झटका तो गोडातून मिळवू पाहतो. आणि वर्षानुवर्षे सतत काहीतरी असण्याची सवय लागलेले तोंड रिकामे राहवत नाही.

आपल्याकडे त्यात आणखी एक भर पडते, चहाची. तलफ आली की पूर्वी डबी उघडायची. आता टपरीवर ‘एक कटिंग’ सांगितला जातो. दोन चमचे साखरेचे पाच कप जास्तीचे झाले की दहा चमचे साखर पोटात गेली. ती एकटीच दोनशे कॅलरींच्या आसपास जाते, दूध वेगळे. म्हणजे दोन पोळ्या न जळता उरल्या आणि दोन वरून आल्या. महिनाअखेर काट्यावर किलोभर वाढ दिसली तर त्यात नवल काय?

पोट साफ न होण्याची तक्रारही खरी आहे. निकोटिन आतड्यांना चालना देते. मिश्री लावल्याशिवाय सकाळ सुरू न होणाऱ्या कितीतरी बायका हेच कारण सांगतात. ती चालना थांबली की काहींना काही आठवडे बद्धकोष्ठ होतो. पाणी, भाज्या, गरज पडल्यास इसबगोल यांनी तो निभावतो. पण हे कोणी आधी सांगितले नसेल तर बाई चौथ्या दिवशी पुन्हा मिश्रीची डबी उघडते, आणि घरातले म्हणतात, ‘हिचा निर्धारच नाही.’

किती वाढते?

भीतीला आकडा दिला की ती आटोक्यात येते. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०१२ साली ६२ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. कोणतेही औषध न घेता सिगारेट सोडलेल्यांचे वजन पहिल्या महिन्यात सरासरी १.१ किलो, तीन महिन्यांत २.९ किलो आणि वर्षाअखेर ४.७ किलो वाढलेले आढळले. म्हणजे बहुतांश वाढ पहिल्या तीन महिन्यांत होते. नंतर वेग मंदावतो.

पण सरासरीपेक्षा तिच्या पोटात काय दडले आहे ते पाहावे. वर्षानंतर यातील १६ टक्के लोकांचे वजन चक्क कमी झाले होते. ३७ टक्क्यांचे पाच किलोंपेक्षा कमी वाढले, ३४ टक्क्यांचे पाच ते दहा किलो, आणि १३ टक्क्यांचे दहा किलोंहून अधिक. म्हणजे ‘तंबाखू सोडली की माणूस सुटतोच’ हे खरे नाही, आणि ‘काही होत नाही हो, सोडा बिनधास्त’ हेही खरे नाही. निम्म्याहून थोड्या अधिक लोकांना फारसा त्रास होत नाही, आणि दहातल्या एकाला खूप होतो. त्या एकाला आधी ओळखून त्याच्याकडे लक्ष देणे हे डॉक्टरचे काम.

हे आकडे सिगारेट ओढणाऱ्यांचे आहेत. आपल्याकडचे चित्र वेगळे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरतात. त्यात धूम्रपान करणारे अवघे ३.८ टक्के आणि चघळणारे, लावणारे, गालात धरणारे २४.४ टक्के. निकोटिन कोणत्याही वाटेने आले तरी मेंदूवर तेच काम करते. त्यामुळे वजनाचा प्रश्न चुना-तंबाखू, मिश्री, मावा आणि खर्रा सोडणाऱ्यांनाही तितकाच लागू आहे.

सडपातळपणाचा सापळा

इथे वाचक विचारेल, मग तंबाखूमुळे वजन आटोक्यात राहत असेल तर त्यात वाईट काय? हा प्रश्न नवा नाही. १९२८ च्या सुमारास अमेरिकेतील एका सिगारेट कंपनीने स्त्रियांना उद्देशून जाहिराती केल्या, की मिठाईऐवजी आमची सिगारेट उचला. विक्री वाढली आणि मिठाईवाले संतापले. आज तोच माल समाजमाध्यमांवर नव्या वेष्टनात दिसतो. ओठांखाली ठेवायच्या निकोटिनच्या छोट्या पिशव्यांना परदेशातील तरुण मुले वजन कमी करण्याचा सोपा उपाय म्हणून मिरवतात. शंभर वर्षांत चाल बदललेली नाही.

या प्रश्नाचे उत्तर मुंबईतच आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत ३५ वर्षांवरील सुमारे एक लाख लोकांची नोंद करून एक मोठा अभ्यास सुरू झाला. त्यात ओढणारे असोत वा चघळणारे, तंबाखू वापरणाऱ्यांचे उंचीच्या प्रमाणातले वजन न वापरणाऱ्यांपेक्षा कमी आढळले. इथवर ‘तंबाखूने माणूस बारीक राहतो’ हे सिद्ध झाले म्हणा. पण याच लोकांचा पुढे पाठपुरावा केला तेव्हा मृत्यूचा सर्वाधिक धोका अत्यंत कृश लोकांमध्ये दिसला. ज्या समाजात अजून कित्येकांचे ताट अर्धे रिकामे आहे, तिथे भूक मारणारा पदार्थ हे वजन नियंत्रणाचे साधन नसते. कुपोषण झाकणारे ते एक पांघरूण असते.

हे पांघरूण पुढच्या पिढीवरही पडते. मुंबईतील बाराशेहून अधिक गर्भवतींचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. धूरविरहित तंबाखू, त्यातही मुख्यतः मिश्री, वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे जन्मवजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले. आधीच अडीच किलोंच्या रेषेवर अडखळणाऱ्या आपल्या बाळांसाठी शंभर ग्रॅम ही लहान गोष्ट नाही.

आणि बारीक असणे म्हणजे निरोगी असणे, हा समज तर पुण्यानेच मोडीत काढला. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. पण शरीरातील चरबी एकाची ९.१ टक्के आणि दुसऱ्याची २१.२ टक्के. जास्तीची चरबी अर्थातच आपल्या पुणेकर डॉक्टरांची होती. भारतीय माणूस काट्यावर सडसडीत दिसतो आणि आतून चरबीचा असतो. निकोटिन नेमके हेच चित्र आणखी गडद करते. धूम्रपान करणाऱ्यांचे वजन कमी असले तरी त्यांची चरबी पोटाभोवती साचण्याकडे कल असतो, आणि शरीर इन्शुलिनला नीट दाद देईनासे होते. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये टाइप-२ मधुमेहाचा धोका न करणाऱ्यांपेक्षा ३० ते ४० टक्के अधिक असतो, असे अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २०१४ च्या अहवालाने नोंदवले. तेव्हा ‘पोट गेलं बघा’ म्हणणाऱ्या माझ्या चालकाचे वजन गेले होते. धोका गेला नव्हता.

सोडल्यावर साखर वाढली तर?

आता सर्वांत अवघड मुद्दा. सोडल्यानंतर वाढलेल्या वजनामुळे मधुमेह होऊ शकतो का? होऊ शकतो, आणि हे लपवू नये. अमेरिकेतील तीन दीर्घकालीन अभ्यासगटांची माहिती २०१८ मध्ये एकत्र मांडण्यात आली. नुकतेच धूम्रपान सोडलेल्यांमध्ये टाइप-२ मधुमेहाचा धोका ओढत राहणाऱ्यांपेक्षा काही वर्षे २२ टक्क्यांनी जास्त होता. पाच ते सात वर्षांनी तो शिखरावर पोहोचला आणि नंतर उतरत गेला. पण हा धोका वजनवाढीच्या प्रमाणात होता. ज्यांचे वजन वाढले नाही त्यांच्यात तो वाढलाच नाही.

याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा आहे. वजन कितीही वाढलेले असो, अगदी दहा किलोंहून अधिक, सोडणाऱ्यांमधील मृत्यूचे प्रमाण ओढत राहणाऱ्यांपेक्षा कमीच होते. हृदयविकाराच्या बाबतीतही, वाढलेल्या किलोंनी सोडण्याचा फायदा पुसला गेला नाही. तराजूच्या एका पारड्यात पाच किलो आणि दुसऱ्यात आयुष्याची वर्षे, असा हा हिशेब आहे. तो झुकतो कुठे, हे वेगळे सांगायला नको. पण पाच किलो पारड्यात आहेतच, हे मान्य केल्याशिवाय माणूस आपल्यावर विश्वास ठेवणार नाही.

बोलायचे की नाही?

माझे काही सहकारी म्हणतात, ‘आधीच सोडायला कोणी तयार नसतो. त्यात वजन वाढेल असे सांगितले तर उरलेलेही पळतील.’ या आक्षेपात तथ्य आहे, पण तो एक गोष्ट विसरतो. ही भीती आपण निर्माण करत नाही; ती गावात आधीपासून आहे. पानटपरीवर, एसटी डेपोत, बायकांच्या भिशीत ‘अमक्याने सोडली आणि फुगला’ ही कथा रोज सांगितली जाते. दवाखान्यात तिच्याविषयी मौन पाळले तर तिचा अर्थ लावण्याचे काम टपरीकडे जाते. ‘वाढेल, साधारण इतके वाढेल, या महिन्यांत वाढेल आणि त्यावर हे उपाय आहेत’ असे आधी सांगितलेला माणूस काटा हलला की घाबरत नाही. डॉक्टरने सांगितले तसेच होते आहे, असे त्याला वाटते. न सांगितलेल्याला फसवणूक वाटते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. तंबाखूच्या वेष्टनाचा ८५ टक्के भाग भीतिदायक इशाऱ्याने व्यापलेला आहे, तो असावाच. पण जिल्हा रुग्णालयांतील तंबाखूमुक्ती केंद्रांत, आरोग्य शिबिरांत आणि आमच्या खासगी दवाखान्यांतही सोडण्याच्या पहिल्याच दिवशी तीन नोंदी व्हाव्यात: वजन, कंबरेचा घेर आणि रक्तातील साखर. त्याच तीन नोंदी तीन महिन्यांनी आणि वर्षाने पुन्हा घ्याव्यात. याला यंत्रसामग्री लागत नाही. काटा आणि टेप प्रत्येक आरोग्य केंद्रात आहेत. यातून दोन कामे होतील. ज्या दहातल्या एकाचे वजन झपाट्याने वाढते तो वेळीच सापडेल. आणि चघळणारा महाराष्ट्र तंबाखू सोडतो तेव्हा त्याच्या शरीराचे काय होते, हे परक्या सिगारेटींच्या आकड्यांवरून अंदाजाने सांगण्याची वेळ आपल्यावर येणार नाही.

सोडणाऱ्यांसाठी चार गोष्टी

पहिली, तंबाखू आणि जेवण दोन्ही एकाच दिवशी तोडू नका. उपाशी माणसाची तलफ अधिक टोकदार होते. पहिले तीन महिने उद्दिष्ट एकच, तंबाखू नको. वजन रोखले तरी पुरे; उतरवण्याचे नंतर पाहू.

दुसरी, तोंडाला काम द्या, पण हिशेबाने. बडीशेप, लवंग, गाजर-काकडीचे तुकडे, मूठभर फुटाणे चालतील. गोळ्या-चॉकलेट, चिक्की आणि फरसाण यांनी कॅलरी चढतात. गोड सुपारी तर अजिबात नको. गुटखा सोडून सुपारीवर आलेले अनेक जण समाधानात असतात, पण नुसती सुपारीही कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच जाहीर केले. चहा बंद करू नका. साखर अर्धी करा.

तिसरी, रोज पाऊण तास भरभर चाला. निकोटिन ज्या दोनशे कॅलरी जाळत होते, जवळपास तेवढ्या यात जातात, आणि तलफही काही काळ दबते.

चौथी, औषधाची लाज बाळगू नका. निकोटिनचा च्युइंग गम किंवा डॉक्टरांनी दिलेली गोळी यांनी सोडण्याची शक्यता वाढते आणि घेत असेपर्यंत वजनवाढही काहीशी रोखली जाते. गम तंबाखूसारखा सतत चघळायचा नसतो. थोडा चावून गालात धरायचा असतो. गालात धरण्याची कला आपल्याकडे कोणाला शिकवावी लागत नाही! मधुमेह असणाऱ्यांनी, विशेषतः इन्शुलिन घेणाऱ्यांनी, सोडण्याआधी डॉक्टरांना जरूर सांगावे, कारण औषधाची मात्रा बदलावी लागू शकते. ज्यांना जवळ केंद्र नाही त्यांच्यासाठी १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे.

ते एसटीचे चालक? त्यांना मी दुसऱ्यांदा सोडायला लावले. या वेळी कर्करोगाचे भाषण दिले नाही. कागदावर त्यांचे वजन लिहिले, त्याखाली ‘वर्षाने: चार-पाच किलो जास्त’ असेही लिहिले, आणि तो कागद त्यांच्याच खिशात ठेवला; जिथे पूर्वी पुडी असायची. वर्षाने ते साडेतीन किलोंनी वाढून आले. पट्ट्याचे एक भोक पुढे सरकले होते आणि गालातला चट्टा पुसट झाला होता. कागद काढून दाखवत म्हणाले, ‘‘डॉक्टर, तुमचा अंदाज चुकला. दीड किलो कमीच वाढलं.’’ त्यांच्या इतक्या समाधानाने वजनवाढीची तक्रार माझ्याकडे आजवर कोणी केलेली नाही.